शिट्टीकाका आणि उबेची खोली

माझ्या दादाला अख्खी गल्ली शिट्टीकाका म्हणते. त्याला शिट्टी वाजवता येत नाही. वाजायची ती त्याची छाती. आमच्या बेकरीच्या दारात गिऱ्हाईक उभं राहिलं की आतून आधी भट्टीची घरघर ऐकू यायची आणि तिच्यावर, बारीक आणि वरच्या पट्टीत, दादाचा श्वास. "काका आहेत आत," असं म्हणून लोक निवांत उभे राहायचे. शिट्टी ऐकू आली नाही तरच विचारायचे, "आज काका गावाला गेलेत का?" माणसाच्या आजाराची लोकांना इतकी सवय होते, आणि घरच्यांना तर त्याहून जास्त. त्याचा मला आता राग येतो. पण राग मागाहून, आधी दादा.

दादा अंगाने गोल, स्वभावाने गरम आणि आतून मऊ आहे, म्हणजे ज्या मालावर आमचं घर चालतं तसाच. वडिलांच्या हाताखाली पीठ मळायला लागला तेव्हा त्याचे हात टेबलापर्यंत पोचत नव्हते. रिकाम्या डब्यावर उभा राहून मळायचा. आमच्याकडे पीठ मळायचं मशीन आहे, पण दादाचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. मशीन मळायचं, आणि मशीनने मळलेलं दादा पुन्हा हाताने मळायचा. मध्येच मूठभर कोरडा मैदा टेबलावर भिरकवायचा, गोळा उलटा करायचा, त्यावर आपलं सगळं वजन टाकायचा, आणि तेवढा वेळ त्याच्यासाठी जगात दुसरं कोणी नसायचं. वहिनी केक आणि बिस्किटं बघायची, मी काउंटर सांभाळायचे. मी पन्नाशीकडे झुकले तरी दादासाठी छोटीच. "छोटी, ट्रे घे." "छोटी, गिऱ्हाइकाशी गोड बोल." स्वतः गिऱ्हाइकाशी बोललाच तर भांडायला.

दमा त्याला तिशीनंतर लागला. आधी नुसता कोरडा खोकला होता. मग सकाळी काम अंगावर घेतलं की छाती भरून यायला लागली, आणि शेवटची खेप भट्टीत गेली की दादा बाहेर पायरीवर जाऊन दम खात बसायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र बरा असायचा. "एक दिवस आराम मिळतो ना, म्हणून," असं आम्ही तिघंही एकमेकांना समजावायचो आणि आमचं समाधान व्हायचं.

डॉक्टरीणबाईंनी दोन पंप दिले. एक रोज न चुकता ओढायचा आणि दुसरा अडीनडीला. दादाने रोजचा पंप अडीनडीला आणि अडीनडीचा रोज ओढायला सुरुवात केली, कारण अडीनडीच्या पंपाने लगेच बरं वाटायचं. हे कळलं तेव्हा बाईंनी त्याला आमच्यादेखत झापलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर पिठात असता. दमा पिठानेच होतोय का, याची एक तपासणी करून घेऊ या."

दादा "हो, हो" म्हणाला आणि गेलाच नाही. कधी ऑर्डर मोठी होती, कधी भट्टी रुसली होती, कधी त्याचा पाय दुखत होता. शेवटी एकदा ट्रे धुताना मी खनपटीलाच बसले.

"छोटी," तो म्हणाला, "उद्या त्यांनी सांगितलं की पिठानेच होतंय, तर मी काय करू? मला दुसरं काय येतं?"

"तू तपासलं नाहीस म्हणून पीठ गप्प बसणार आहे का?"

"नाही बसणार. पण तपासत नाही तोवर मी बेकरीवाला आहे."

आणि तो ट्रे पुसत राहिला. 

आमच्या समोर चपलांचं दुकान आहे. त्याच्या वरची मोठी खोली बरेच दिवस रिकामी पडली होती, तिथे हॉट योगाचा वर्ग निघाला. शिकवणारी तरुण मुलगी आमच्याकडे टोस्ट घ्यायला यायची. खोली हीटर लावून तापवायची, हवेत ओल राखायची आणि त्या गरम दमट हवेत आसनं करायची, असं तिने वहिनीला समजावून सांगितलं. वर्गातल्या एका दमेकरी बाईंना त्याने बरं वाटतं, असंही सांगितलं. वहिनीने ते दादाच्या कानावर घातलं, आणि दादाच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला मुळीच आवडली नाही. योगाने दमा आवरला तर पिठाचं नावच निघायला नको, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "उबदार, ओलसर हवा काही जणांना मानवते, काही जणांचा त्यातच जीव घुसमटतो. सावकाश करून बघा. औषध सोडायचं नाही, पंप हाताशी ठेवायचा, धाप लागली की थांबायचं. आणि हे त्या तपासणीच्या ऐवजी नाही." शेवटचं वाक्य दादाला ऐकू आलं नाही. त्याचे कान याबाबतीत फार शहाणे आहेत.

वहिनीने मला पहारेकरी म्हणून त्याच्याबरोबर धाडलं. दादाने कुठूनशी एक जुनी हाफ पँट शोधून काढली होती. ती त्याला शेवटची नीट बसली असेल त्याला एक जमाना लोटला होता. जिना चढताना तो दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा भिंतीचा रंग बघायला थांबल्याचं सोंग केलं.

दार उघडल्याबरोबर गरम हवेचा लोट अंगावर आला आणि मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. भिंतीभर आरसे, खाली चटया, आणि चटयांवर आधीच निथळत असलेली तरुण, सडपातळ माणसं. दादा मात्र स्वतःच्या घरात शिरावं तसा आत शिरला. भट्टीची आच बघतात तसा त्याने सवयीने तळहात हवेत धरला आणि शिक्षिकेला म्हणाला, "मॅडम, एवढ्या उबेत पीठ नुसतं फुगेल. भाजायचं नाही."

"काका, आपल्याला कोणालाच भाजायचं नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही बसा. श्वास हळू आत घ्या, आणि त्याहून हळू बाहेर सोडा."

"आत जातो हो. बाहेर निघायचं नाव घेत नाही. चिकट पाहुणा आहे."

"मग त्याला ढकलू नका, वाट बघा. कधी अडतो, कुठे अडतो, तेवढं फक्त लक्षात ठेवत जा."

हे दादाला पटलं. पिठाच्या बाबतीतही तो असंच म्हणतो, घाई करू नका, नुसतं बघत राहा. मग एका पायावर उभं राहायचं होतं. दादा उभा राहिला, माझ्यावर कलला, मी शेजारच्या पोरावर कलले, त्या पोराने आरशाला हात टेकला म्हणून निभावलं. कमरेत वाकायचं आलं तेव्हा दादाचं पोट आडवं आलं आणि वाटाघाटी तिथेच संपल्या. शेवटी पाठीवर निपचित पडायचं असतं, ते मात्र त्याला पहिल्याच दिवशी इतकं उत्तम जमलं की तो घोरायला लागला. सगळा वर्ग डोळे मिटून हसत होता.

पण गंमत अशी की त्याला खरंच बरं वाटायला लागलं. काही आठवड्यांतच तो जिना न थांबता चढायला लागला. रात्री सलग झोपायला लागला. शिक्षिका दारातच विचारायची, "काका, रोजचा पंप घेतला? अडीनडीचा खिशात आहे?" आणि हो म्हटल्याशिवाय आत सोडायची नाही, त्यामुळे औषधही पहिल्यांदाच वेळच्या वेळी पोटात, म्हणजे छातीत, जाऊ लागलं. यातलं योगाचं श्रेय किती आणि पंपाचं किती, हे ठरवायला मी बसले नाही. दादाने मात्र सगळं योगाच्या नावावर टाकलं. पाव घ्यायला आलेल्या माणसाला तो आता श्वास कसा सोडावा ते शिकवायचा. एका गृहस्थाला काउंटरपाशी एवढा वेळ उभं केलं की त्याच्या हातातला गरम पाव गार झाला.

आणि दुपारी बरा असणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी मैद्याचं पोतं उघडलं की पुन्हा वाजायचा. ते आम्हाला ऐकू यायचं आणि आम्ही ते ऐकायचो नाही.

मग एका आठवड्यासाठी शिक्षिका परगावी गेली, वर्ग बंद राहिला, आणि दादाच्या डोक्यात किडा वळवळला.

बेकरीच्या मागच्या बाजूला आमची उबेची खोली आहे. मळलेले गोळे भट्टीत जाण्याआधी तिथे फुगायला ठेवतात. भट्टीची मागची भिंत तिला लागून आहे आणि कोपऱ्यात पाण्याचं पातेलं वाफाळत असतं, म्हणून पिठावर साय धरत नाही. "तीच ऊब, तीच वाफ," दादा म्हणाला. "घरात एवढी ऊब असताना आठवडाभर मी तसाच बसू?" सकाळचा माल निघून गेल्यावर त्याने गोळे ठेवायच्या फळ्यांचे घोडे भिंतीला लावले, तीन चटया अंथरल्या आणि आम्हा दोघींना आत ओढलं. स्वतः शिक्षक झाला. "डोळे मिटा," तो इतक्या जोरात म्हणाला की वहिनीने दचकून उघडले.

थोड्याच वेळात घामाच्या धारा लागल्या आणि चटया ओल्याचिंब झाल्या. "अहो, माझा पाय सरकतोय," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या कुठल्याही माणसाने चटई फडक्याने पुसली असती. दादा उठला, डब्यातून मूठभर कोरडा मैदा घेतला आणि आयुष्यभराच्या सफाईने तिन्ही चटयांवर भिरकावला. जिथे ओलं तिथे कोरडं पीठ, एवढंच त्या हातांना ठाऊक. आणि आम्ही दोघी त्याच घरातल्या. आम्हालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मी म्हणाले, "इकडे अजून थोडा टाक."

मग दादा पालथा झाला, नाक चटईला टेकवलं, आणि शिक्षिकेने शिकवला होता तसा खोल, संथ श्वास घेतला. त्यानंतर आणखी दोन-चार. छाती वाजायला लागली. आम्ही लक्ष दिलं नाही; ती तर वाजतेच. मग ती वाजायची थांबली, आणि वहिनी म्हणाली, "बघ, श्वास कसा मोकळा झाला."

मी वळून पाहिलं. दादा कोपरांवर उठायचा प्रयत्न करत होता, त्याचे खांदे कानांपर्यंत वर गेले होते आणि ओठांचा रंग बदलला होता. छाती वाजायलासुद्धा आत हवा फिरावी लागते, हे मला त्या क्षणी कळलं. पंप त्याच्या अॅप्रनच्या खिशात होता आणि अॅप्रन काउंटरमागच्या खुंटीवर. मी कशी धावले, किती ट्रे पाडले, मला आठवत नाही. आम्ही दोघींनी त्याला ओढत बाहेर गल्लीत आणलं, पंप दिला, पुन्हा दिला, आणि चपलांच्या दुकानदाराने गाडी काढून त्याला डॉक्टरीणबाईंकडे पोचवलं. तिथे त्याच्या नाकातोंडावर मास्क लावून औषधाची वाफ दिली. बऱ्याच वेळाने ती ओळखीची शिट्टी पुन्हा वाजायला लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ती ऐकून रडू आलं.

दादा उशीला टेकून बसला होता. वहिनी त्याचा हात धरून होती. त्याने मास्क जरासा बाजूला केला.

"छोटी, तिथेही एवढंच गरम असतं ना?"

"हो."

"आसनं पण हीच."

"हो."

"तिथे असं कधी झालं नाही. एकदाही नाही."

पुढे काय येणार ते मला कळलं होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं. वहिनीच्या केसांत आणि कपाळावर मैदा तसाच होता. दादाने अंगठ्याने तिचं कपाळ पुसलं आणि अंगठ्याकडे बघत राहिला. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "ती तपासणी करून टाका."

निकाल काय आला असेल ते आता कोणीही सांगेल. डॉक्टरीणबाईंनी मात्र फार सांभाळून सांगितलं. बेकरी बंद करायची गरज नाही, पण जिथे पीठ चाळलं आणि मळलं जातं तिथे दादाने पाऊल टाकायचं नाही. बाकीच्यांनीही पीठ भिरकवायचं नाही, हळू ओतायचं, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायचं. योग खुशाल चालू ठेवा, म्हणाल्या, पण औषध आणि पंपासकट. मग टॉर्च मारून त्याच्या नाकात पाहिलं. "नाक कधीपासून असं चोंदलेलं आहे?"

"चोंदलेलं?" दादा म्हणाला. "नाक असंच असतं ना?"

नंतरचे काही आठवडे वाईट गेले. दादा खुर्चीत बसून हातांकडे बघायचा. ते हात पहिल्यांदाच इतके स्वच्छ होते आणि त्याला ते परके वाटत होते. मला त्याची दया यायची आणि दया आली की मी चिडते, म्हणून मी सगळ्यांवर चिडत होते. पण पाव तर निघायलाच हवा. वहिनीचे खांदे दुखरे, तेव्हा मळायचं काम माझ्याकडे आलं आणि दादाला आम्ही काउंटरवर बसवलं.

तो काउंटरवर काय दिवे लावत होता ते विचारू नका. कोणी दोन पाव मागितले की "घरात माणसं किती?" असं विचारायचा. कोणी काप पातळ करून मागितले की त्याला अपमान वाटायचा. आणि आत मी मळलेला पाव विटेसारखा होत होता. एक म्हातारे गृहस्थ अगदी हळुवारपणे म्हणाले, "काका, पाव बदलला का हो?" दादाने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मळायच्या खोलीच्या खिडकीवर टकटक झाली. ती खिडकी मागच्या गल्लीत उघडते. डॉक्टरीणबाईंच्या हुकमाने आता कायम बंद. काचेच्या पलीकडे दादा उभा होता. त्याने दोन्ही हात पुढे करून हवेत मळायला सुरुवात केली. मनगटाने नाही, खांद्याने, असं तो दाखवत होता. मी खांद्याने मळलं. त्याने कपाळावर हात मारला. मी पुन्हा मळलं. मग त्याने बोटांनी पीठ ताणायची खूण केली. पीठ नीट मळलं गेलं की त्याचा तुकडा पडद्यासारखा पातळ ताणता येतो, फाटत नाही, आणि त्यातून उजेड दिसतो. मी तुकडा ताणून काचेला लावला. पलीकडून दादाने डोळा लावला. तुकडा फाटला.

असं रोज सकाळी सुरू झालं. गल्लीतून जाणाऱ्या लोकांना एक गोल माणूस बंद खिडकीसमोर हातवारे करताना आणि काचेवर ओरडताना दिसायचा. मला आवाज ऐकू यायचा नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा फायदा. शेजारच्या दोन बायका तर काम आवरून बघायला यायच्या. मीही आतून त्याला वाटेल ते बोलून घेतलं. ओठांवरून त्याला नक्कीच कळलं असणार. आणि मग एके दिवशी मी काचेला तुकडा लावला, तो ताणत गेला, फाटला नाही, आणि त्यातून मला दादाचा अख्खा चेहरा पुसट दिसला. त्याने नुसती मान हलवली आणि निघून गेला. मी तिथेच उभी राहून नाक पुसलं, कोपराने, कारण हात पिठात होते.

त्यानंतर किती दिवसांनी ते झालं, मोजलं नाही. दुपार होती. दुसरी खेप नुकतीच भट्टीतून निघाली होती आणि मी ट्रे काउंटरवर मांडत होते. पाच-सहा माणसं वाट बघत उभी होती. दादा समोरचा जिना उतरून वर्गातून येत होता, खांद्यावर चटई, अंग घामाने भिजलेलं. गल्ली ओलांडताना तो मध्येच थबकला. मागून सायकलवाल्याने घंटी वाजवली तरी हलला नाही. मला वाटलं पुन्हा छाती भरली, आणि मी काउंटरखालचा पंप घेतला.

तो दारापर्यंत आला. छाती वाजत नव्हती.

"छोटी, हा वास कसला येतोय?"

"कसला म्हणजे? पावाचा."

"आपल्या?"

"नाही, चपलांच्या दुकानाचा."

तो हसला नाही. त्याने ट्रेमधला एक पाव उचलला, हाताला चटके बसत असताना तो मधोमध फोडला आणि त्या वाफेत सगळा चेहरा घातला. खोल श्वास घेतला, आणि त्याहून हळू सोडला.

"रोज असा येतो?"

"रोज."

"बाबांच्या वेळी असाच यायचा," तो म्हणाला. "मग यायचाच बंद झाला. मला वाटायचं, हल्लीच्या मैद्याला वासच नसतो."

मला काही दिसेनासं झालं होतं, म्हणून मी उगाचच सरळ मांडलेले ट्रे पुन्हा सरळ मांडत होते. शेवटी तेच म्हातारे गृहस्थ, ज्यांनी पाव बदलला का म्हणून विचारलं होतं, हळूच म्हणाले, "काका, मला एक पाव देताय ना?"

दादाने हातातला फोडलेला पाव त्यांच्या नाकासमोर धरला.

"आधी वास घ्या," तो म्हणाला. "मग देतो."